कळते ते वळावे कसे?

(कुटुंब मेळाव्यातील भाषणाचा शब्दांकित पाठ)



आरोग्यावरील भाषणाची एक अडचण असते. वक्ता जे सांगणार ते श्रोत्यांना आधीपासूनच ठाऊक असते. रात्री लवकर निजावे, रोज अर्धा-पाऊण तास चालावे, पानात वरून मीठ घेऊ नये, पालेभाजी टाळू नये, चहाच्या कपांवर मर्यादा ठेवावी, झोपण्यापूर्वी दात घासावेत. यांतील एकही गोष्ट या सभागृहात कुणाच्या कानी प्रथमच पडत आहे असे नाही. डॉक्टर सांगतात, दिनदर्शिकेच्या मागच्या पानांवर छापलेले असते, वृत्तपत्रांच्या पुरवण्यांत तर आठवड्याआड येते. उपदेशाचा दुष्काळ आपल्याकडे कधीच नव्हता. तरीही ‘कळते, पण वळत नाही’ असे म्हणण्याची पाळी या विषयात जितकी येते, तितकी अन्यत्र क्वचितच येत असेल.

या न वळण्याची किंमत आता आकड्यांत दिसू लागली आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या साहाय्याने देशभर झालेल्या पाहणीचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. त्यानुसार देशात सुमारे १० कोटी १० लाख प्रौढ मधुमेही आहेत आणि आणखी १३ कोटी ६० लाख लोक मधुमेहाच्या उंबरठ्यावर आहेत. उंबरठ्यावरच्यांची संख्या घरात शिरलेल्यांहून अधिक आहे, ही बाब चिंतेची खरी. पण उंबरठ्यावरून माघारी फिरता येते, हेही तितकेच खरे.

मग माणसे फिरत का नाहीत? प्रचलित उत्तर असे की, निश्चय कमी पडतो, आळस आडवा येतो. पाडव्याला संकल्प करायचा, नवे बूट आणायचे, आठ दिवस टेकडी चढायची आणि नवव्या दिवशी पांघरूण डोक्यावरून ओढून घ्यायचे. याला इच्छाशक्तीचा अभाव म्हणून आपण मोकळे होतो. परंतु हे निदान तपासून पाहण्याजोगे आहे. व्यायामासाठी सकाळी ज्याचा पाय अंथरुणाबाहेर निघत नाही, तोच डोंबिवलीचा किंवा विरारचा गृहस्थ तीस-तीस वर्षे सकाळची ठरलेली लोकल चुकवत नाही. पाऊस असो, अंगात कणकण असो, तो फलाटावर हजर असतो. या माणसाला दुर्बळ इच्छाशक्तीचा म्हणणे अन्यायाचे होईल. फरक इतकाच, की लोकलला वेळ आहे, डब्यातले सोबती आहेत आणि चुकली तर परिणाम त्याच दिवशी भोगावा लागतो. चालण्याला यांतले काहीच नाही. न चालल्याचा परिणाम दिसायला पंधरा वर्षे लागतात.

तेव्हा प्रश्न आवडीचा नाही आणि पुष्कळदा निश्चयाचाही नाही; तो व्यवस्थेचा आहे. जी गोष्ट मनाला रुचत नाही तिला दिवसात ठराविक जागा, कुणाची तरी सोबत आणि घराचा आधार दिला, तर ती टिकते. एकट्याच्या उत्साहावर सोडली, तर उत्साहाबरोबरच ती मावळते.

लोकमान्य टिळकांचे उदाहरण या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. डेक्कन कॉलेजातील पहिले वर्ष त्यांनी अभ्यास बाजूला सारून शरीर कमावण्यात घालवले, ही गोष्ट शाळकरी मुलांनाही माहीत असते. त्यांच्या उत्तरायुष्यातील पथ्याची गोष्ट मात्र त्या मानाने सांगितली जात नाही. टिळक मधुमेही होते. १९०८ साली सहा वर्षांची शिक्षा होऊन ते मंडालेस गेले, तेव्हा वयाची पन्नाशी उलटलेली होती. तेथील कडक उन्हाळा, परका मुलुख आणि एकांतवास या साऱ्यांत या विकाराला आवर घालायचा तर औषध असे काही हाती नव्हते. इन्शुलिनचा शोध १९२१ साली टोरांटो येथे लागला आणि रुग्णाला ते प्रथम दिले गेले १९२२ च्या जानेवारीत. टिळकांचे देहावसान त्याआधीच, १ ऑगस्ट १९२० रोजी झालेले होते. त्यांच्या काळी मधुमेहावर उपाय एकच, आणि तो म्हणजे आहार.

मंडालेत त्यांनी गहू-तांदूळ बाजूला ठेवून जवाच्या पिठावर भर दिला. कोकणात जन्मलेल्या आणि पुण्यात वाढलेल्या माणसाने भात सोडणे म्हणजे काय, हे येथे बसलेल्यांना वेगळे सांगायला नको. जव हे काही जिभेला लाडाचे धान्य नव्हे. तरीही तो नेम चालला, आणि त्याच वास्तव्यात १९१०-११ च्या हिवाळ्यात ‘गीतारहस्या’चे हस्तलिखित सिद्ध झाले. टिळकांचा निश्चय असामान्य होता यात वाद नाही. परंतु आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. तुरुंगात जेवणाची वेळ ठरलेली होती, पदार्थ मोजके होते, स्वयंपाकाला दिलेला कैदी सांगितले तेच रांधत होता आणि ‘आज एवढा एक लाडू घ्याच’ म्हणून आग्रह करणारे कोणी नव्हते. बाहेरच्या जगात टिळकांनाही पथ्य पाळणे मंडालेइतके सोपे गेले असते का, असा प्रश्न मनात येतो. सभा, दौरे, जागोजागचे यजमान आणि त्यांचे प्रेम हे पथ्याचे मोठे शत्रू असतात. तुरुंगाची भलामण करण्याचा येथे हेतू नाही. पण इंग्रजाच्या तुरुंगाने नकळत जे केले ते मराठी घराने जाणूनबुजून करायला काय हरकत आहे?

घराने ते करून दाखवल्याचे उदाहरणही महाराष्ट्रातच आहे. औंध संस्थानचे अधिपती भवानराव श्रीनिवासराव पंतप्रतिनिधी हे चित्रकार होते, कीर्तनकार होते, आणि आपल्या हातातील सत्ता प्रजेकडे सोपवण्याचे धैर्य दाखवणारे राजे होते. तरुणपणी त्यांनी सँडो या युरोपीय मल्लाच्या पद्धतीचा व्यायाम काही वर्षे केला. (सँडोचे नाव आपल्याकडे आता केवळ बनियनपुरते उरले आहे, हा भाग निराळा.) पुढे ते सूर्यनमस्काराकडे वळले आणि अखेरपर्यंत त्याला धरून राहिले. १९५१ साली ते निवर्तले, तेव्हा त्यांनी वयाची ऐंशी वर्षे ओलांडली होती.

राजाने व्यायाम केला, यात नवल नाही. नवल आहे ते त्यांनी लावलेल्या घडीत. नमस्कार हा त्यांच्या घरात एकट्या पुरुषाचा छंद राहिला नाही. राणीसाहेब नमस्कार घालत, मुले घालत. संस्थानातील शाळांत सूर्यनमस्कार आवश्यक केले गेले. आवडीनिवडीचा प्रश्न विचारलाच गेला नाही. जसा पाढे म्हणण्याबाबत विचारला जात नाही. या पद्धतीवरचे त्यांचे इंग्रजी पुस्तक १९३८ साली लंडनहून निघाले आणि परदेशी वाचकांपर्यंत पोहोचले. म्हणजे ज्याला आज जग योग म्हणून डोक्यावर घेते, त्यातला एक मोठा प्रवाह सातारा जिल्ह्यातील एका लहानशा गावातून वाहत गेलेला आहे. २०१५ पासून दरवर्षी २१ जूनला आंतरराष्ट्रीय योगदिन साजरा होतो, मैदाने भरतात, छायाचित्रे निघतात. २२ जूनला त्या मैदानावर किती जण असतात, हे मात्र कोणी मोजत नाही.

२२ जूनला मैदानावर यायला लावणारी युक्ती या श्रोत्यांपैकी अनेकांना बालपणापासून परिचित आहे. शाखेची वेळ ठरलेली असते आणि त्या वेळी गटनायक दारात येऊन हाक मारतो. शाखेच्या कार्यपद्धतीवर पुष्कळ लिहिले-बोलले गेले आहे, परंतु आरोग्याच्या अंगाने पाहिले तर तिचे मर्म या हाकेत आहे. थंडीत उठणे कोणत्याच बारा वर्षांच्या मुलाला आवडत नाही. पण खाली सवंगडी उभा आहे, त्याने एकदा हाक मारली आहे, दुसरी मारील आणि तिसऱ्या हाकेला शेजारी जागे होतील, या विचाराने तो उठतो. चालण्याच्या बाबतीत वाढत्या वयाच्या मंडळींना हेच लागू आहे. कोपऱ्यावर कुणीतरी वाट पाहत उभे आहे हे माहीत असेल तर पाय आपोआप निघतात. ज्यांना कोणी हाक मारत नाही त्यांनी स्वतःच दुसऱ्याला हाक मारण्याचे काम अंगावर घ्यावे. मग गैरहजर राहण्याची सोय उरत नाही.

मात्र ही युक्ती ज्यांच्या घरची, त्यांच्याच दिनक्रमाकडे आता वळले पाहिजे. कार्यकर्त्याचा दिवस कसा जातो? पहाटे साडेपाचला उठून प्रभात शाखा. त्यातही काही जण प्रार्थनेपूर्वी जेमतेम दहा मिनिटे येतात, म्हणजे उठण्याचे श्रेय मिळते आणि व्यायाम घडत नाही. नंतर नोकरी अथवा दुकान. संध्याकाळी संपर्क, म्हणजे पाच घरे आणि पाच कप चहा, शिवाय घराघरातला चिवडा. रात्री नऊला बैठक ठरते, ती साडेनऊला सुरू होते, विषय साडेअकराला संपतात आणि खरी चर्चा त्यानंतर खाली रस्त्यावर उभ्याने होते. घरी झाकून ठेवलेले ताट बारा वाजता उघडायचे आणि पुन्हा पहाटे साडेपाचचा गजर लावायचा. लवकर उठणे हा सद्गुणच आहे. पण उशिरा निजून लवकर उठणे हे उधारीवरचे आयुष्य आहे. प्रौढ माणसाला किमान सात तास झोप हवी, असे आजचे वैद्यक सांगते. वाग्भटाने तर आहाराच्या जोडीने निद्रेला शरीराच्या तीन आधारस्तंभांत स्थान दिले आहे. त्यातला एक खांब रोज दोन-दोन तासांनी कापत राहिल्यावर छप्पर कलले तर आश्चर्य कसले?

येथे एक नाजूक मुद्दा आहे आणि तो टाळता येणार नाही. कार्यासाठी देह झिजवावा, हा संस्कार आपण अभिमानाने बाळगतो. डॉक्टर हेडगेवार हे स्वतः कलकत्त्यात वैद्यकशास्त्र शिकून आलेले. तरी अखेरच्या काळात पाठीचे दुखणे आणि आजारपण अंगावर काढत ते प्रवास करीत राहिले. १९४० च्या आरंभी उपचारांसाठी त्यांना बिहारमध्ये राजगीरच्या उष्ण पाण्याच्या झऱ्यांवर नेण्यात आले. पण त्याच वर्षी २१ जूनला, वयाच्या अवघ्या एक्कावन्नाव्या वर्षी त्यांची प्राणज्योत मालवली. ते झिजणे होते. त्या काळी हाती साधने तुटपुंजी होती आणि काम अंकुरावस्थेत होते. आज रक्तदाब मोजायला पाच मिनिटे लागतात, साखर तपासायला बोटाचा एक थेंब पुरतो. असे असताना पंचेचाळिसाव्या वर्षी पहिल्यांदा रक्तदाब कळावा आणि तोही थेट अतिदक्षता विभागात, याला झिजणे म्हणता येत नाही. त्याचे नाव हेळसांड. कार्यकर्ता खाटेवर पडला की त्याच्या वाट्याचे काम तर थांबतेच, पण त्याच्या उशाशी बसणारी व्यक्ती, म्हणजे बहुधा त्याची पत्नी, तिचेही सारे थांबते.

त्या पत्नीबद्दल स्वतंत्रपणे बोलले पाहिजे, कारण घरातल्या पथ्याचा भार तीच वाहते. घरधन्याला मधुमेह निघाला की तिच्यामागे तीन स्वयंपाक लागतात: त्याची भाकरी, मुलांची पोळी, सासूबाईंचा मऊ भात. तिची स्वतःची भाजी मात्र उरेल ती, आणि वेळ सर्वांच्या नंतरची. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयोगटातील ५७ टक्के भारतीय स्त्रियांत रक्तक्षय आढळला. लोहाच्या गोळ्या सरकारी केंद्रात मिळतात, पण त्या घेणे नकोसे वाटते, कारण मळमळते, पोट जड होते. डॉक्टरांना विचारून त्या जेवणानंतर घेतल्या तर त्रास कमी होतो. लिंबू किंवा आवळा सोबत असेल तर लोह अधिक शोषले जाते. आणि त्याच सुमारास घेतलेला चहा ते शोषू देत नाही. जेवण आणि चहा यांत तासाभराचे अंतर ठेवणे ही बिनखर्चाची गोष्ट आहे, परंतु पंगत उठताच चहाचे आधण ठेवण्याची आपल्याकडील रीत तिच्या आड येते. घरकाम म्हणजेच व्यायाम, असेही स्त्रियांना वर्षानुवर्षे सांगितले गेले. ओट्यापाशी चार तास उभे राहून पाय दुखतात, पण दम लागेल असे चालणे त्यात घडत नाही. तिच्या चालण्याच्या पाऊण तासात कुकर कोण लावणार, हे ठरल्याशिवाय ‘तू फिरायला जात जा’ या वाक्याला अर्थ नाही.

पाणी पिण्याचेही तसेच. भरपूर पाणी प्यावे हे सर्वांना मान्य आहे. तरी दिवसभराच्या कार्यक्रमाला येणाऱ्या भगिनी सकाळपासून पाण्याला स्पर्श करीत नाहीत. ही त्यांची वाईट सवय नव्हे. कार्यक्रमस्थळी स्वच्छ स्वच्छतागृह नसते हे त्यांना अनुभवाने माहीत असते. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील एका अध्यायाचे नावच ‘न वेगान्धारणीय’ आहे. शरीराचे नैसर्गिक वेग अडवून ठेवू नयेत, हे आपल्या शास्त्राने इतक्या प्राधान्याने सांगितले. त्याचा व्यावहारिक अर्थ असा की, व्यासपीठाच्या फुलांची चौकशी करण्यापूर्वी संयोजकाने स्वच्छतागृहाची चौकशी करावी. एस.टी.तील महिला वाहक, बंदोबस्तावरील महिला पोलीस, शाळांतल्या मुली यांची कथा निराळी नाही.

आता जिभेकडे. पथ्य हा शब्द उच्चारला की चेहरे उतरतात. पण चरकांनी पथ्याची जी व्याख्या केली आहे तिच्यात, शरीराच्या मार्गांना जे अपाय करीत नाही आणि मनालाही जे प्रिय वाटते ते पथ्य, असा आशय आहे. मनाला प्रिय! दूधी उकडून त्याचा लगदा ताटात वाढणाऱ्यांनी या दुसऱ्या अर्ध्या भागाकडे दुर्लक्ष केलेले दिसते. आपल्या आज्या-पणज्यांना मात्र तो ठाऊक होता. गुढीपाडव्याला कडुलिंबाची पाने गूळ, हिंग, ओवा, चण्याची डाळ घालून वाटली जातात आणि घरातले लहान मूलही ती चिमूटभर खाते, कारण त्या दिवशी सगळेच खातात. ऋषिपंचमीला कंदमुळे आणि रानभाज्या एकत्र शिजतात. एरवी ज्या भाजीकडे मुले पाहणार नाहीत ती त्या दिवशी मागून घेतली जाते. भोगीच्या भाजीचे तेच. नावडत्या गोष्टीला सणाचा मान द्यायचा आणि सर्वांच्या पानात एकदम वाढायची, ही मोठी शहाणी व्यवस्था होती. नवी भाजी मूल एकदा नाकारते, दोनदा नाकारते; दहा-बारा वेळा समोर आल्यावर पुष्कळदा स्वीकारते. तोवर दोनच गोष्टी लागतात: रागावायचे नाही आणि वडिलांनी स्वतः ती खायची.

सर्वच रूढी अशा शहाण्या राहिल्या असे म्हणवत नाही. उपवास हा पोटाला विसावा म्हणून आला, आणि साबुदाण्याच्या खिचडीने, बटाट्याच्या किसाने आणि दाण्याच्या लाडवांनी त्याचे काय केले ते ‘एकादशी, दुप्पट खाशी’ या म्हणीत आहेच. साबुदाणा ज्या कंदापासून होतो तो आणि बटाटा, दोन्ही मूळचे दक्षिण अमेरिकेतले. ते उपवासाला कसे चालू लागले याचे उत्तर कोणत्याही स्मृतिग्रंथात सापडणार नाही. शतपावलीचेही तसेच झाले. जेवणानंतर थोडे चालल्याने रक्तातील साखर कमी चढते, असे अलीकडच्या संशोधनातून पुढे आले आहे. मराठी माणसाजवळ त्यासाठी स्वतंत्र शब्द शतकांपासून आहे. रात्रीच्या मालिकांनी शतपावली संपवली. वामकुक्षी मात्र महाराष्ट्राने पूर्ण निष्ठेने सांभाळली आहे.

सवय बदलायची कशी, याची रीतही त्याच ‘न वेगान्धारणीय’ अध्यायात आहे, आणि ती आजही जशीच्या तशी उपयोगी पडावी अशी आहे. अंगवळणी पडलेली अहितकर गोष्ट एकदम तोडू नये. तिचा चौथा हिस्सा कमी करावा आणि त्या जागी हितकर गोष्टीचा तेवढाच हिस्सा आणावा. शरीर रुळू द्यावे. मग पुढचा हिस्सा. चहातली साखर दोन चमच्यांवरून शून्यावर आणणारा माणूस चौथ्या दिवशी तीन चमचे घालतो. दीड चमचा पंधरा दिवस, मग एक, मग अर्धा, अशा क्रमाने जाणाऱ्याला दोन-तीन महिन्यांनी नात्यातल्या लग्नातला चहा पाकासारखा गोड लागू लागतो. मिठाचेही तसेच आहे. जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी दिवसाला ५ ग्रॅमहून कमी, म्हणजे सपाट चहाचमचाभरापेक्षा कमी मीठ सांगितले आहे, आणि त्यात लोणचे, पापड, फरसाण, वडापावासोबतची तळलेली मिरची हे सर्व धरायचे आहे. आमटीतले मीठ थोडे कमी केले तर पहिले काही दिवस ती अळणी वाटते. काही आठवड्यांत जीभ नव्या मापाला सरावते. घरातल्या सर्वांची आमटी एकच असावी, आजाऱ्याची वेगळी नसावी. वेगळ्या वाटीने माणसाला आजारी असल्याची रोज आठवण होते आणि करणारीचे कष्ट दुप्पट होतात.

या क्रमाला दोन अपवाद आहेत. डॉक्टरांनी दिलेली रक्तदाबाची किंवा साखरेची गोळी ही अशी पाव-पाव करीत आपल्या मनाने सोडायची नसते. बरे वाटू लागले म्हणून गोळ्या थांबवणारे अनेक जण पुढे पक्षाघाताने अंथरुणाला खिळतात. आणि धूम्रपानाच्या बाबतीत, दिवस ठरवून एकदम सोडणाऱ्यांना हळूहळू सोडणाऱ्यांपेक्षा यश अधिक येते, असे संशोधन आहे.

व्यायामालाही मोजमाप हवे. वाग्भट बलवानालाही अर्ध्या शक्तीपर्यंतच व्यायाम करायला सांगतो. पहिल्या दिवशी शंभर नमस्कार घालून दुसऱ्या दिवशी जिन्याचा कठडा धरून उतरणाऱ्या पन्नाशीच्या उत्साही मंडळींनी हे लक्षात ठेवावे. बाराने सुरुवात करावी. आठवड्याला एकूण १५० मिनिटे मध्यम गतीचा व्यायाम, हे प्रौढांसाठी आज सर्वमान्य असलेले किमान माप आहे. दिवसाला तीस मिनिटे आणि दोन दिवस सुट्टी, एवढेच ते भरते.

रात्री दात घासण्याचा उल्लेख आरंभी आला. मराठी घरांत सकाळचे दात घासणे धर्मासारखे पाळले जाते आणि रात्रीचे परकीय खूळ समजले जाते. वाग्भटाच्या दिनचर्येत मात्र दंतधावन सकाळी आणि भोजनोत्तर, असे दोन्ही वेळा आहे. झोपेत तोंडातली लाळ कमी होते आणि अन्नकणांवर वाढणाऱ्या जंतूंना रान मोकळे मिळते, म्हणून रात्रीचे घासणे अधिक महत्त्वाचे. हिरड्यांचा विकार मधुमेह बळावतो आणि मधुमेह हिरड्यांचा, हेही आता सिद्ध झालेले आहे. ज्यांना रात्री आठवत नाही त्यांनी ब्रश न्हाणीघरात न ठेवता जेवणाची भांडी जिथे विसळली जातात तेथे ठेवून पाहावा. आणि दात घासण्याच्या नावाखाली कित्येक घरांतील वडीलधाऱ्या स्त्रिया मिश्री लावतात. ती तंबाखूच आहे. तिच्याबद्दल आईशी, आजीशी बोलण्याचे धाडस मुलांनी करावे. रागावून मात्र नव्हे, कारण त्यांना ती सवय लावणारे त्यांचे थोरलेच होते.

हे सर्व प्रत्येकाला सारखेच जमेल, असे समजणे भाबडेपणाचे होईल. रात्री दहाला दुकान बंद करणारा व्यापारी सूर्यास्तापूर्वी जेवू शकत नाही. रात्रपाळीच्या परिचारिकेला पहाटे उठण्याचा उपदेश करणे म्हणजे थट्टाच. त्यांनी आपापली घडी वेगळी बसवावी; दुकानदाराने सातला डबा मागवून घ्यावा आणि घरी गेल्यावर केवळ दूध घ्यावे, परिचारिकेने दिवसाची झोप अंधाऱ्या खोलीत, दूरध्वनी बंद ठेवून, पूर्ण घ्यावी.

कार्यकर्त्यांच्या बाबतीत मात्र बऱ्याच गोष्टी आपल्याच हाती आहेत. संपर्काला गेल्यावर पहिल्या घरी चहा घ्यावा आणि पुढे पाणी मागून घ्यावे. पाणी मागितले की गृहिणीला अव्हेर वाटत नाही, उलट तिचे काम हलके होते. यजमानांनीही दुसऱ्यांदा आग्रह करू नये. चाळिशी ओलांडलेल्या प्रत्येकाचा रक्तदाब आणि साखर वर्षातून एकदा तपासली जाईल, याची नोंद वस्तीतल्या एखाद्या डॉक्टर स्वयंसेवकाकडे द्यावी. ज्याचे नाव राहिले त्याच्या दारात गटनायकाने जाऊन हाक मारावी. राहता राहिली बैठकीची वेळ. मुंबईकडील मंडळी साडेआठला घरी पोहोचतात, त्यांना सातची वेळ देता येणार नाही, हे उघड आहे. तेथे आठवड्याची बैठक रविवारी सकाळी शाखेनंतर घेता येईल. पुणे, नाशिक, सांगली अशा ठिकाणी सायंकाळी सात ते साडेआठ ही वेळ बहुतेकांना जमण्याजोगी आहे. पुढच्या महिन्याची निरोपपत्रे अजून जायची आहेत. त्यांवर वेळ घालण्यापूर्वी प्रत्येक कार्यवाहाने घरी एकदा विचारून घ्यावे.